समुद्र आणि संशयाचा फायदा

न्यायदानाच्या व्यवहारांत एक तत्त्व आतां इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, त्याची उपपत्ति विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आरोपीचा अपराध निःसंशय सिद्ध झाला नसेल तर संशयाचा फायदा आरोपीस द्यावा, हें तें तत्त्व होय. दहा अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्यास शिक्षा होतां कामा नये, असा विचार ब्लॅकस्टन ह्या इंग्रज कायदेपंडितानें अठराव्या शतकांत मांडला. आणि आज तो आमच्या न्यायालयांतच नव्हे, तर वृत्तपत्रांत, सभासंमेलनांत, किंबहुना घरगुती कलहांतहि रूढ होऊन बसला आहे. हें तत्त्व उदार आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु उदार तत्त्वांची एक खोड असते. तीं ज्या क्षेत्रांत जन्मास आलीं तें सोडून दुसऱ्या क्षेत्रांत शिरतात, आणि तेथें आपला मूळचा हेतु विसरून केवळ पूर्वपुण्याईवर राज्य करूं लागतात. संशयाचा फायदा मनुष्यास द्यावा हें ठीकच आहे. पण तो कारखान्याच्या सांडपाण्यास, किंवा परक्या मुलुखांतून आणलेल्या एखाद्या वनस्पतीसहि द्यावा काय? ह्या प्रश्नाचा विचार समुद्राच्या निमित्तानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण तो समुद्राच्या कांठीं जितक्या स्पष्ट रूपानें उभा राहतो तितका जमिनीवर क्वचितच राहतो.

जमिनीवर अपराध आणि त्याचा परिणाम ह्यांचें नातें बहुधा डोळ्यांस दिसतें. गांवच्या विहिरींत कोणीं घाण टाकिली तर दुसऱ्या दिवशीं गांवास कळतें, आणि तिसऱ्या दिवशीं टाकणाराचें नांवहि कळतें. समुद्राचें तसें नाहीं. पृथ्वीच्या पृष्ठभागापैकीं शेंकडा ७१ भाग त्यानें व्यापिला आहे. त्यांत जें पडतें तें विरळ होतें, प्रवाहाबरोबर दूर जातें, जीवांच्या शरीरांत सांठत राहतें, आणि कित्येक वर्षांनीं भलत्याच ठिकाणीं भलत्याच रूपानें प्रकट होतें. ता. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराच्या तोंडाशीं दोन जहाजांची टक्कर झाली, तेल सांडलें, मालाचे डबे पाण्यावर तरंगूं लागले, बंदराची वाहतूक कांहीं दिवस बंद पडली. अशा वेळीं सरकार, नौदल, वृत्तपत्रें, सर्वच धांवून येतात. कारण येथें अपराध डोळ्यांपुढें घडलेला असतो. परंतु गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशीं वारा फिरला कीं डांबराच्या लहानमोठ्या गोळ्या वाळूवर येऊन पडतात, त्यांच्यासाठीं कोण धांवणार? दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं त्या गोळ्यांचें रासायनिक पृथक्करण करून त्यांचें कुळ हुडकण्याचे परिश्रम केले आहेत. तैलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेलें पाणी आणि समुद्रांतील तेलविहिरी ह्यांकडे बोट दाखवितां येतें. पण अमुक गोळी अमुक जहाजाची, असें शपथेवर सांगणें फार कठीण. आणि जहाज तर तोंवर दुसऱ्या खंडास पोंचलेलें असतें.

त्यांत आणखी एक अडचण अशी कीं, आमच्या समुद्राची शास्त्रीय ओळख अगदीं अलीकडची आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम १९६५ सालीं संपली, आणि तिच्या पाठोपाठ १९६६ च्या आरंभीं वर सांगितलेली संस्था स्थापन झाली. ज्या रोग्याची प्रकृति निरोगी असतांना कशी होती हेंच वैद्यास माहीत नाहीं, त्याची प्रकृति किती बिघडली हें त्यानें कसें सांगावें? ह्याच संस्थेंतील संशोधकांनीं २००० सालीं असें दाखविलें कीं, पावसाळ्याच्या उत्तरार्धांत पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्याच्या खालच्या थरांतून प्राणवायु जवळजवळ नाहींसा होतो, आणि ही स्थिति अधिकाधिक तीव्र होत आहे. पाण्याच्या खालचा थर वर येण्याची क्रिया निसर्गाची आहे. शेतांतून वाहून येणारीं खतें मनुष्याचीं आहेत. ह्या दोहोंचे वांटे वेगळे करून दाखविणें म्हणजे दूध आणि पाणी वेगळें करणें होय. आणि राजहंसाची ती चोंच अद्याप कोणत्याहि प्रयोगशाळेस पुरतेपणीं लाभलेली नाहीं. सारांश, समुद्राच्या बाबतींत संशय हा अपवाद नसून नियम आहे, आणि निःसंशय पुरावा आलाच तर तो बहुधा नुकसानाच्या मागून येतो. अशा ठिकाणीं ‘आधीं सिद्ध करा, मग बोला’ असें म्हणणें म्हणजे कांहींच करावयाचें नाहीं असा निर्णय देणेंच होय. मात्र तो निर्णय आहे असें कबूल केलें जात नाहीं.

हें बोलणें हवेंतलें वाटूं नये म्हणून एका समुद्रशेवाळाची हकीकत येथें सांगतों. उष्ण कटिबंधांतील समुद्रांत कॉलर्पा टॅक्सिफोलिया नांवाचें एक हिरवेंगार शेवाळ आढळतें. त्याच्या फांद्या पक्ष्याच्या पिसासारख्या सुबक असतात. आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तर तें एक आश्चर्यच आहे, कारण त्याचें तें लांबच लांब शरीर म्हणजे आंत कोठेंहि आडपडदा नसलेली एकच एक पेशी असते. कांचेच्या हौदांत मासे पाळणारांस ह्या शेवाळाची शोभा आवडावी हें साहजिक होतें. जर्मनींत स्टुटगार्ट येथील मत्स्यालयांत त्याचा एक असा वाण वाढीस लागला कीं जो थंड पाण्यासहि दाद देत नसे. तेथून तो इतर मत्स्यालयांत गेला, आणि मोनॅको येथील सुप्रसिद्ध समुद्रविज्ञान संग्रहालयांतहि पोंचला. १९८४ सालीं ह्या संग्रहालयाच्या खिडक्यांखालीं, भूमध्यसमुद्राच्या तळाशीं, त्या शेवाळाचा एक लहानसा ताटवा दिसून आला. त्याचें क्षेत्र सुमारें एक चौरस मीटर होतें. एक जमखाना अंथरावा एवढीच ती जागा. दोन पाणबुड्यांनीं मनावर घेतलें असतें तर एका दुपारींत ती साफ झाली असती.

तसें कोणींच केलें नाहीं. १९८९ पर्यंत तो ताटवा सुमारें एका हेक्टराचा झाला, आणि पुढल्याच वर्षीं तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिसला. नीस विद्यापीठांतील अलेक्झांद्र मेनेझ ह्या संशोधकानें धोक्याची सूचना दिली: हें शेवाळ विषारी असल्यामुळें मासे त्यास तोंड लावीत नाहींत, नांगराबरोबर आणि जाळ्याबरोबर तुटून गेलेला त्याचा प्रत्येक तुकडा नव्या ठिकाणीं रुजतो, आणि तेथील समुद्रतृणांचीं कुरणें त्यामुळें धोक्यांत येतील. ह्यावर वाद माजला. हें शेवाळ संग्रहालयांतूनच निसटलें हें कशावरून? तें तांबड्या समुद्रांतून आपोआप आलें नसेल काय? तें पूर्वीपासूनच येथें दुसऱ्या रूपानें नांदत नसेल काय? हे प्रश्न खोटे नव्हते. शास्त्रांत असे प्रश्न विचारावेच लागतात. त्यांचें उत्तर मिळालें तें १९९८ सालीं. आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून हें शेवाळ मत्स्यालयांतील वाणाचेंच आहे असें ठरलें. पण पहिला ताटवा दिसल्यापासून तोंवर १४ वर्षें लोटलीं होतीं. २००० सालाच्या अखेरीस सहा देशांच्या किनाऱ्यांवर मिळून सुमारें १३१ चौरस किलोमीटर समुद्रतळ त्या शेवाळाच्या प्रादुर्भावाखालीं आला होता. पुरावा पूर्ण झाला. मात्र त्याचा उपयोग करण्याची वेळ टळून गेली.

त्याच २००० सालच्या जून महिन्यांत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत, सॅन डिएगोच्या उत्तरेस असलेल्या एका खाडींत, पाणबुड्यांना तेंच शेवाळ दिसलें. तेथील अधिकाऱ्यांनीं निराळा मार्ग धरला. हें शेवाळ कोणाच्या हौदांतून आलें, तें येथें किती पसरेल, त्यापासून नक्की किती हानि होईल, ह्यांपैकीं एकाहि प्रश्नाचा निकाल लागलेला नव्हता. तरी कांहीं दिवसांच्या आंतच त्यांनीं त्या ताटव्यांवर ताडपत्र्या अंथरल्या आणि त्यांच्याखालीं क्लोरिन सोडला. ताडपत्रीखालीं शेवाळाबरोबर इतर निरपराध जीवहि मेले. पैसा म्हणाल तर सुमारें ७० लक्ष डॉलर खर्च झाला. २००६ सालीं त्या किनाऱ्यावरून शेवाळ समूळ नाहींसें झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. एका ठिकाणीं संशयाचा फायदा शेवाळास मिळाला, दुसऱ्या ठिकाणीं समुद्रास मिळाला. फरक काय तो एवढाच.

आतां चतुर वाचक येथें आम्हांस अडवील, आणि त्यानें अडवावेंहि. कारण ह्या कथेचा एक उत्तरार्ध आहे. पुढील वर्षांत भूमध्यसमुद्रांतील हें शेवाळ फ्रान्सच्या किनाऱ्यावरून, मनुष्याच्या विशेष प्रयत्नाशिवाय, पुष्कळसें ओसरलें. मग ज्यांनीं ‘थांबा, पाहूं या’ असें म्हटलें त्यांचेंच खरें ठरलें नाहीं काय? ह्या आक्षेपास उत्तर देण्यासाठीं आम्हांस क्लिफर्ड ह्या इंग्रज गणितज्ञाची आठवण होते. त्यानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक आहे. आपलें जहाज जुनें झालें आहे, तें प्रवासास योग्य नाहीं, अशी शंका त्याच्या मनांत येते. पण दुरुस्तीस पैसा लागेल म्हणून तो ती शंका हळूहळू दडपून टाकतो, जहाज सुरक्षित असल्याची स्वतःची खात्री करून घेतो, आणि उतारूंनीं भरलेलें तें जहाज समुद्रांत लोटतो. जहाज बुडालें तर तो दोषी खराच. परंतु क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीहि त्याचा दोष तिळमात्र कमी झाला नसता. तो केवळ उघडकीस आला नसता. कृत्याची योग्यायोग्यता तें करतेवेळीं ठरून जाते. दैवानें मागाहून केलेली मेहेरबानी ती बदलूं शकत नाहीं. जुगारांत जिंकलेला मनुष्य श्रीमंत होतो, शहाणा होत नाहीं. शेवाळ ओसरलें हें भूमध्यसमुद्राचें भाग्य. त्यावरून वाट पाहणारांची दूरदृष्टि सिद्ध होत नाहीं.

वरील वादांत दोन्ही पक्षांकडे कांहीं प्रामाणिक संशय होता असें आम्ही मानतों. परंतु संशयाचा दुसरा एक प्रकार आहे, आणि त्याचें उदाहरण जपानांतील मिनामाता ह्या गांवीं घडलें. तेथील चिस्सो नांवाच्या कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा ह्यांनीं १ मे १९५६ रोजीं मज्जातंतूंच्या एका अज्ञात रोगाची वर्दी आरोग्यखात्यास दिली. मुलांचे हातपाय वांकडे होत, वाचा जाई, दृष्टि जाई. त्यापूर्वींच गांवांतील मांजरें वेड्यासारखीं नाचूं लागून मेलीं होतीं. खाडींतील मासे खाण्यानें हें होतें असा संशय त्याच वर्षीं आला. १९५९ सालीं कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनीं सेंद्रिय पारा हें कारण असल्याचें सांगितलें. कारखान्याच्या बाजूनें निरनिराळीं कारणें सुचविण्यांत आलीं: युद्धानंतर समुद्रांत टाकलेला दारूगोळा असेल, सडक्या माशांतलें विष असेल. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत होसोकावांनीं आपल्या प्रयोगांतील चारशें क्रमांकाच्या मांजरास कारखान्याचें सांडपाणी अन्नांतून दिलें होतें, त्यास तोच रोग झाला. ही गोष्ट कारखान्याच्या चालकांस कळली. त्यांनीं ती बाहेर फुटूं दिली नाहीं. सांडपाणी समुद्रांत जात राहिलें तें १९६८ पर्यंत, आणि जपानच्या सरकारनें कारखान्याचा पारा हेंच रोगाचें कारण असल्याचें मान्य केलें तेंहि त्याच वर्षीं. होसोकावांनीं १९७० सालीं रुग्णशय्येवरून साक्ष देऊन त्या मांजराची हकीकत न्यायालयास सांगितली. अधिकृत रीत्या रोगी ठरविलेल्यांची संख्या पुढें दोन हजारांवर गेली.

येथें संशय हा सत्याच्या वाटेवरचा टप्पा नव्हता. ती सत्याच्या वाटेवर मुद्दाम टाकलेली धोंड होती. प्रामाणिक संशय आणि विकत घेतलेला संशय ह्यांचें रूप बाहेरून अगदीं एकसारखें दिसतें; दोघेहि ‘अजून सिद्ध झालें नाहीं’ एवढेंच वाक्य बोलतात. फरक ओळखण्याची एक खूण मात्र आहे. प्रामाणिक संशयी पुरावा शोधावयास निघतो. दुसरा पुरावा सांपडूं नये म्हणून झटतो. ज्याच्या हातीं चारशें क्रमांकाचें मांजर आहे त्यानें ‘पुरावा दाखवा’ असें म्हणावें, ह्याहून नीतीची विटंबना ती कोणती? आणि संशयाचा फायदा ज्यास हमखास मिळतो त्यास संशय वाढविण्याचा मोह होणार, हें सांगावयास मोठ्या मानसशास्त्राची गरज नाहीं.

आतां मूळ तत्त्वाकडे वळूं. आरोपीस संशयाचा फायदा कां द्यावयाचा? आम्हांस ह्याचीं तीन कारणें दिसतात. पहिलें, आरोपी एकटा असतो आणि त्याच्या विरुद्ध सरकारचें सर्व सामर्थ्य उभें असतें. तराजू सम करण्यासाठीं दुर्बलाच्या पारड्यांत कांहीं घालावें लागतें. दुसरें, शिक्षा एकदां भोगली कीं ती परत घेतां येत नाहीं. फांशी दिलेला मनुष्य निर्दोष ठरला तरी परत येत नाहीं. तिसरें, आरोपी हा मनुष्य आहे, त्यास मान आहे, अब्रू आहे. ती विनाकारण हिरावून घेणें हा स्वतंत्र अन्याय आहे. हीं तिन्ही कारणें समुद्राच्या प्रश्नास लावून पाहावीं. येथें दुर्बल कोण? कारखाना वकील देऊं शकतो, तज्ज्ञ देऊं शकतो, वर्तमानपत्रांत निवेदनें देऊं शकतो. प्रवाळास वाचा नाहीं, आणि कोळ्याच्या वाचेस वजन नाहीं. न फिरणारी हानि कोणाची? बंद ठेवलेला कारखाना पुन्हां सुरू होऊं शकतो; पण शतकानुशतकें सांचत गेलेली प्रवाळांची भिंत एकदां मेली कीं तुमच्याआमच्या हयातींत उभी राहत नाहीं. आणि अब्रू म्हणाल तर पाऱ्यास अब्रू नाहीं, शेवाळासहि नाहीं. एखाद्या पदार्थास समुद्रांत जाण्यापासून रोखणें ही त्यास शिक्षा नव्हे. म्हणजे जीं कारणें न्यायालयांत आरोपीच्या बाजूनें बोलतात, तींच समुद्राच्या कांठीं आरोपीच्या विरुद्ध बोलतात. तत्त्व बदललेलें नाहीं. दुर्बलाचें रक्षण हाच त्याचा आत्मा आहे, आणि तो आत्मा राखावयाचा असेल तर येथें त्याचा देह पालटलाच पाहिजे.

समाधानाची गोष्ट ही कीं, कायद्यासहि ही दृष्टि आली आहे. १९९२ सालीं रिओ येथें जमलेल्या राष्ट्रांनीं असें मान्य केलें कीं, गंभीर किंवा न भरून येणारी हानि संभवत असेल तर पूर्ण शास्त्रीय निश्चिति नाहीं ही सबब उपाय पुढें ढकलण्यास पुरेशी नाहीं. १९९६ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें, तामिळनाडूंतील चामडें कमावण्याच्या कारखान्यांच्या खटल्यांत, हें सावधगिरीचें तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचें सांगितलें, आणि आपलें कृत्य निरुपद्रवी आहे हें दाखविण्याचा भार कारखानदारावर टाकला.

ह्यावर शास्त्राचे अभिमानी असा आक्षेप घेतील कीं, संशय हा तर शास्त्राचा प्राण आहे. तुम्ही शास्त्रज्ञास अर्ध्या पुराव्यावर निकाल देण्यास शिकवीत आहां. आमच्या मतें हा आक्षेप दोन प्रश्नांची गल्लत केल्यानें उत्पन्न होतो. ‘खरें काय आहे?’ हा एक प्रश्न, ‘काय करावें?’ हा दुसरा. पहिल्याचें उत्तर देतांना निर्णय तहकूब ठेवतां येतो, आणि तो ठेवण्यांतच शास्त्रज्ञाची थोरवी आहे. दुसऱ्याच्या बाबतींत तहकुबी अशी वस्तूच नाहीं. कारण कांहीं न करणें हेंहि करणेंच आहे. नळ उघडा ठेवून त्याविषयीं विचार करीत बसणारा मनुष्य तटस्थ नसतो. शास्त्रज्ञानें आपला संशय जसाच्या तसा, न वाढवितां व न लपवितां, लोकांपुढें ठेवावा. त्या संशयांत कसें वागावें हें मात्र समाजानें नीतीच्या आधारें ठरवावें.

पण दुसरा एक आक्षेप ह्याहून बिकट आहे, आणि त्यास असें एका वाक्यांत उडवून लावतां येत नाहीं. सावधगिरीस किंमत पडते, आणि ती बहुधा गरीब भरतो. येथेंहि एका शेवाळाचेंच उदाहरण घेऊं. कप्पाफायकस नांवाचें तांबड्या जातीचें शेवाळ मूळचें फिलिपाइन्सकडील. त्यापासून निघणारा चिकट पदार्थ आइसक्रीमपासून दंतमंजनापर्यंत अनेक वस्तूंत घालतात. भावनगर येथील सरकारी संशोधनसंस्थेनें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत तें भारतांत आणून वाढविलें, आणि पुढें तामिळनाडूच्या रामनाथपुरम् किनाऱ्यावर बांबूंच्या तराफ्यांवर त्याची लागवड सुरू झाली. कोळी कुटुंबांतील कित्येक स्त्रियांच्या हातीं त्यामुळें प्रथमच नियमित पैसा आला. परंतु २००८ सालीं संशोधकांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, मन्नारच्या आखातांतील कुरुसडाई बेटापाशीं हें शेवाळ तराफे सोडून जिवंत प्रवाळांवर पसरूं लागलें आहे. त्यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले, आणि लागवडीस उत्तेजन देण्याचें सरकारचें धोरणहि चालूच राहिलें. आतां आमचें तत्त्व येथें डोळे मिटून लावलें, तर संशयाच्या जोरावर त्या बायकांचे तराफे तोडावे लागतील. आमच्याच किनाऱ्यावर पाहावें, तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचा समुद्र १९८७ सालीं अभयारण्य ठरला, तेव्हां मालवणच्या मच्छीमारांनीं त्यास विरोध केला. ‘माझें जाळें संशयावरून थांबवितां, मग शहराचें गटार संशयावरून कां थांबवीत नाहीं?’ असें एखाद्या मच्छीमारानें विचारलें तर त्यास आम्ही सुशिक्षितांनीं काय सांगावें?

ह्याचें उत्तर तत्त्व सोडून देणें हें नव्हे. तें पुरें करणें हें आहे. संशयाचा फायदा समुद्रास द्यावा असें म्हणणारानें तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली, केलेलें परत फिरवितां येतें काय? तराफा उचलून किनाऱ्यावर आणतां येतो. प्रवाळावर रुजलेलें शेवाळ तसें आणतां येत नाहीं. तेव्हां लागवडीची जागा प्रवाळांपासून दूर असावी आणि तिच्यावर पहारा असावा, हा मार्ग सरसकट बंदीहून न्याय्य आहे. दुसरी, लाभ कोणाचा आणि धोका कोणाचा? जेथें दोन्ही एकाच्याच पदरीं पडतात तेथें त्यास स्वतःपुरतें साहस करण्याची मोकळीक असावी. पण लाभ शहरांतल्या भागीदारांचा आणि धोका खाडीवरच्या मुलांचा असेल, तर तें साहस नव्हे. तिसरी, सावधगिरीची किंमत कोण भरणार? जो मासे न खाणारा पंडित कोळ्यास संयम शिकवितो आणि त्या संयमाचा खर्च कोळ्यावरच टाकतो, त्याची सावधगिरी फार स्वस्तांतली आहे. मच्छीमाराचें जाळें लोकहितासाठीं थांबवावयाचें असेल, तर त्याच्या चुलीची काळजी लोकांनीं वाहिली पाहिजे. एवढें केल्यावांचून समुद्राचें रक्षण करणें म्हणजे एका दुर्बलाच्या रक्षणासाठीं दुसऱ्या दुर्बलास लुबाडणें होय.

संयम ही कल्पना आमच्या किनाऱ्यास परकी नाहीं. पावसाळ्यांत होड्या वर ओढून ठेवाव्या आणि नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण करून मगच पुन्हां त्या पाण्यांत लोटाव्या, ही रीत जुनी आहे. तिच्या मुळाशीं वादळाची भीति होती हें खरें. पण त्या निमित्तानें माशांनाहि विणीच्या दिवसांत उसंत मिळे. आज पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलै महिन्यांत यांत्रिक मासेमारीस कायद्यानें बंदी असते. जुन्या कोळ्यानें विणीचें कोष्टक मागितलें नाहीं. जें आपल्याहून मोठें आहे आणि पुरतें कळलेलें नाहीं त्याच्याशीं जपून वागावें, एवढें त्यास कळत होतें.

आम्हां पांढरपेशांस मात्र समुद्राविषयीं एक सोयीस्कर समज करून घेण्याची संवय आहे, आणि ती आमच्या भाषेंतच उतरली आहे. ‘पोटांत घालणें’ ह्या शब्दांचा एक अर्थ गिळणें असा आहे, आणि दुसरा क्षमा करणें असा आहे. समुद्र सर्व कांहीं पोटांत घालतो असें आम्ही म्हणतों तेव्हां हे दोन्ही अर्थ नकळत एक होतात. निर्माल्य, प्लास्टरच्या मूर्ति, प्लास्टिकच्या पिशव्या, गटारांचें पाणी, हें सर्व त्यानें गिळलें कीं आम्हांस क्षमा झाल्यासारखें वाटतें. परंतु समुद्र गिळतो. क्षमा करीत नाहीं. मिनामाताच्या खाडीनें पारा पोटांत घातला, आणि तोच ताटांतल्या माशावाटे आईच्या पोटांत, आणि तेथून गर्भांत पोंचविला.

समुद्रमंथनाची कथा लहानपणीं सर्वांनींच ऐकलेली असते. तींत अमृताच्या आधीं हलाहल निघालें, आणि मग एक विलक्षण प्रसंग आला. अमृताचा वांटा मागावयास देव आणि दैत्य दोघेहि तयार होते. हलाहलाचा वांटा मागावयास कोणीच पुढें येईना. तें शंकरानें घेतलें. कथेंत तसा देव होता म्हणून निभावलें. आजच्या मंथनांत नीळकंठाची ती जागा रिकामी राहत नाहीं. तेथें रामनाथपुरम्‌ची बाई, मिनामाताचें मूल, मालवणचा कोळी ह्यांस, त्यांची संमति न विचारतां, बसविलें जातें. आणि हलाहल खरोखर हलाहलच आहे काय, ह्याविषयीं अमृत पिणारे शंका काढीत राहतात. ती शंका निवारण करण्याचा भार अमृताच्या वाटेकऱ्यांवर टाकावा, आणि ती फिटेपर्यंत प्याला कोणाच्याहि ओंठांस लावूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.